पेनिसिलिनचा प्रश्न

पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात मी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए आहे: डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारी, उपचार करणारी. जवळच्या विद्यापीठात पीएचा अभ्यासक्रम चालतो, तिथे प्रवेशाच्या मुलाखती घ्यायला मला बोलावतात. (सांगलीच्या नातेवाइकांच्या लेखी मी अजून ‘डॉक्टर व्हायची राहिलेली’च आहे. समजावणं मी सोडून दिलंय.)

मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांचे गुण आधीच चाळून झालेले असतात. कॅस्पा या सामाईक अर्जात मार्क, शिफारसपत्रं, रुग्णसेवेचे तास सगळं येतं. तासांना इथे भारी वजन. हा पेशा सुरू झाला तोच मुळी १९६५ साली ड्यूक विद्यापीठात, नौदलात रुग्णसेवा केलेल्या चार जणांना घेऊन. त्यामुळे खोलीत मी हुशारी मोजत नाही. साधारण सव्वादोन वर्षांत हे शिक्षण संपतं. त्यानंतर रात्री दोन वाजता हा माणूस माझ्या शेजारच्या खाटेवरचा रुग्ण बघत असेल तर मला चालेल का, एवढंच बघते.

एका शनिवारचे दोन उमेदवार अजून आठवतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिला मुलगा कागदावर लखलखीत होता. “डॉक्टर का नाही, पीएच का?” या हमखास प्रश्नाला त्याने शिक्षण कमी वर्षांचं, पुन्हा रेसिडेन्सी (डॉक्टरांचं एखाद्या शाखेतलं इस्पितळातलं प्रशिक्षण) न करता शाखा बदलता येते, घरच्यांना वेळ देता येतो, असं धडाधड सांगितलं. सगळं खरं. पण त्यात रुग्ण कुठेच नव्हता. मग आमचा ठरलेला प्रसंग दिला: चार्टवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिली आहे, तुमच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनच्याच गटातलं अमोक्सिसिलिन लिहून दिलंय, बाहेर रुग्णांची गर्दी आहे. काय कराल? तो वैद्यकीय नीतिमत्तेच्या तत्त्वांवर बोलू लागला आणि बोलतच राहिला. गोळी रुग्णाच्या पोटात गेली की नाही, हे मात्र त्याने विचारलं नाही.

दुसरी मुलगी वृद्धाश्रमात नर्सिंग असिस्टंट होती. प्रश्न ऐकून गप्प बसली. इतकी, की माझ्या सोबतच्या प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, “पहिला डोस दिलाय का? नसेल तर आधी थांबवीन. मग रुग्णाला विचारीन, ॲलर्जी म्हणजे तेव्हा नेमकं काय झालं होतं? पुरळ, श्वास अडकला, की नुसती मळमळ? आणि डॉक्टरांना बाजूला गाठून सांगीन, रुग्णासमोर नाही.”

मधला प्रश्न मला फार आवडला. अमेरिकेत साधारण दहातला एक जण आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगतो आणि तपासलं तर त्यातल्या बहुतेकांना ती नसते. हे आकडे तिला ठाऊक होते असं मला वाटत नाही. चार्टवरचा शब्द माणसाला विचारून घ्यायची सवय मात्र होती.

पुढे तिने एका आजींची गोष्ट सांगितली. दोन दिवस त्या जेवत नव्हत्या, बोलताना भरकटत होत्या. हिने नर्सला सांगितलं. “वयामुळे होतं,” असं उत्तर आलं. संध्याकाळी हिने पुन्हा सांगितलं. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग आणि ताप निघाला.

“आणि काहीच निघालं नसतं तर?” मी विचारलं.

“तर नर्स माझ्यावर चिडली असती. तशी ती चिडलेलीच होती.”

आम्ही आधी आपापले गुण लिहितो, बोलतो मग. प्राध्यापकांचा आक्षेप रास्त होता: रसायनशास्त्रात तिला आधी ‘सी’ होता, विषय पुन्हा घेऊन सुधारला होता. पहिलं वर्ष दमछाक करणारं, शेवटी पॅन्स, म्हणजे पीएच्या प्रमाणपत्राची ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. “ती पास झाली नाही तर तिच्या चांगुलपणाचं काय करायचं?” मी म्हटलं, अभ्यासात मागे पडलेल्याला आपण शिकवणी लावतो. दुसऱ्यांदा जाऊन सांगण्याचा चिवटपणा कोणत्या शिकवणीत मिळतो? वाद बराच रंगला. शेवटी समितीने तिला जागा दिली, मुलाला प्रतीक्षा यादीत ठेवलं.

ओळखीच्या मराठी घरांतून हल्ली मला फोन येतात, “मुलीची मुलाखत आहे, उत्तरं बघून देता का?” मी उत्तरं बघत नाही. तिने एखाद्या पीएबरोबर पूर्ण शिफ्ट काढली आहे का, आणि आपल्या राज्यात पीएला काय करता येतं, काय नाही, हे तिला माहीत आहे का, एवढं विचारते. बहुतेकदा पलीकडून आई म्हणते, “थांबा हं, तिलाच देते.”