आठ ओळींवर सहा पानं

पहिल्या स्वाध्यायाला वीसपैकी सात मार्क पडले. शेवटच्या पानावर तांबड्या शाईत एकच शेरा होता, ‘कविता मलाही वाचता येते. तुम्हाला तीत काय दिसलं, ते कुठं आहे?’

राग आला, खोटं कशाला बोलू. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी अतिथी शिक्षिका आहे. पावसाळ्यात बस आली नाही की चिखल तुडवत जायचं, दोन वर्ग एकत्र घ्यायचे, घरी येऊन स्वयंपाक उरकायचा आणि रात्री दहानंतर दूरशिक्षणाच्या एम.ए.चा अभ्यास. एवढं करून सहा पानं लिहिली, तर सात मार्क.

कविता होती बालकवींची ‘औदुंबर’. उण्यापुऱ्या आठ ओळी, शाळेपासून तोंडपाठ. तिच्यावर सहा पानं मी कशी भरली, हे आता सांगायला लाज वाटते. पहिलं सबंध पान चरित्राचं: त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० चा, धरणगावचा, १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव मिळालं, १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली मृत्यू. सगळं खरं, पण त्यातलं काहीही त्या आठ ओळींत नाही. पुढची चार पानं म्हणजे कवितेचं गद्य. अलीकडं हिरवळ आहे, पलीकडं हिरवळ आहे, मधून झरा वाहतो आहे. कवीनं आठ ओळींत सांगितलेलं मी चार पानांत सांगितलं, आणि तेही पातळ करून. शेवटच्या पानावर ‘अशी ही अजरामर कविता’.

दोष सवयीचा होता. आमच्याकडं गाइडं कोल्हापूरहून येतात. त्यात रसग्रहण म्हणजे तीन खण: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. खण भरला की काम झालं. शाळेपुरतं ते ठीक आहे, पण त्या खणांत कुठलीही कविता बसते, तिथंच गोम आहे. ‘औदुंबर’ काढून दुसरी निसर्गकविता घातली असती तरी माझ्या निम्म्या ओळी तशाच चालल्या असत्या.

पुनर्लेखनाला महिनाभर मुदत होती. बेळगावात ओळखीचे एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक आहेत. त्यांनी एका रविवारी सार्वजनिक वाचनालयात बोलावलं. हे वाचनालय १८४८ पासूनचं आहे. मी गेले ते संदर्भग्रंथांची यादी मिळेल या आशेनं. सरांनी यादी दिली नाही, वर माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. म्हणाले, “महिन्यातले पहिले आठ दिवस एक वाक्यसुद्धा लिहायचं नाही. रोज कविता हातानं उतरून काढायची आणि डोळा अडखळेल तिथं खूण करायची. का अडखळला ते कळायची घाई करू नका.”

उतरून काढताना पहिल्यांदा दिसलं की हिरवा रंग तीनदा येतो, हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरव्या कुरणामधून, आणि मग काळा डोह आणि ‘गोड काळिमा’. खूण केली. ‘चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे’ या ओळीत क्रियापदच नाही. खूण केली. ‘असला औदुंबर’ मधल्या ‘असला’वर पण केली. आठव्या दिवशी कागदावर अकरा खुणा होत्या आणि डोक्यात काहीच नव्हतं.

वाट सापडली ती कानडीमुळं. आमच्या शाळेच्या आवारातच कानडी शाळा आहे. तिथले एक सर मधल्या सुट्टीत चहाला असतात. त्यांना मराठी समजतं, पण कवितेचं नाही. कागदावर काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर मी आठ ओळी कानडीत सांगायला लागले. पायवाटेच्या ओळीला अडले. ‘हिरव्या कुरणामधून चालली काळ्या डोहाकडे.’ आता पायवाट ‘होगुत्तदे’ म्हणू, म्हणजे जाते, की ‘नडेयुत्तदे’ म्हणू, म्हणजे पायांनी चालते? मी ‘नडेयुत्तदे’ म्हणून गेले. सरांनी बशीतला चहा पिता पिता सहज विचारलं, “यारु?” कोण चालतंय?

कोणीच नाही. वर्गावर जाईपर्यंत मी आठ ओळी मनात तीनदा फिरवल्या. गाव आहे, पण घरातून धूर नाही, हाक नाही. शेतमळे आहेत, पण त्यांत माणूस वाकलेला नाही. पायवाट आहे, आणि तिच्यावर कोणी नाही. चालते ती स्वतःच. शेवटी पाण्यात पाय सोडून बसलं आहे ते झाड. या कवितेत माणूस नाही, आणि माणसानं करायच्या दोन गोष्टी, चालणं आणि बसणं, वाट आणि झाड करतात.

त्या रात्री हे वाक्यात बसवायला घेतलं. पहिला मसुदा: ‘औदुंबर ही निसर्गाचं सुंदर चित्रण करणारी कविता आहे.’ यावर भांडायला कोण येणार? दुसरा: ‘या कवितेत मानवीकरण आहे.’ हेही सगळ्यांना ठाऊक. तिसऱ्यात मी ‘एकाकीपणा’, ‘मृत्यू’, ‘विरक्ती’ सगळं कोंबलं. दोन दिवसांनी जमलं ते असं: ‘औदुंबरमध्ये माणूस कुठंच दिसत नाही; त्याचं चालणं पायवाटेला आणि त्याचं बसणं झाडाला देऊन कविता त्याची गैरहजेरी दाखवते.’ बेळगावच्या सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आता कोणीतरी तुम्हाला ‘छे’ म्हणू शकतं. म्हणजे जमलं.”

ते एक वाक्य हाती आलं आणि लेखाचा सांगाडा आपोआप उभा राहिला. एका परिच्छेदात एकच पुरावा, असं ठरवलं. रिकामं गाव एका परिच्छेदात, पायवाट दुसऱ्यात, झाड तिसऱ्यात. परिच्छेदाचं पहिलं वाक्य माझं, कवीचं नव्हे: ‘कवी म्हणतो की...’ असं सुरू झालं की मी पुन्हा गद्य करायला लागते, हे मला कळून चुकलं होतं. मग कवितेतले नेमके शब्द, दोन-चारच. आणि नंतर त्या शब्दांवर निदान चार वाक्यं. माझं आधीचं लिखाण नेमकं इथं लंगडं होतं. अवतरण दिलं की ते स्वतःच बोलेल अशी माझी समजूत, आणि ते कधी बोलत नाही. ‘चार घरांचे गाव’ एवढं उतरवून पुढं जाता येत नाही. त्या ओळीला क्रियापद नाही, झरा वाहतो, शेतांची गर्दी लागते, वाट चालते, फक्त माणसांचं गाव तेवढं काही करत नाही, हे लिहावं लागतं. आठ दिवसांपूर्वी केलेली ती खूण अशी कामाला आली.

रंगांचा परिच्छेद मात्र काढून टाकावा लागला. तो मला सगळ्यांत आवडला होता. हिरव्याकडून काळ्याकडं जाणारा प्रवास, छान दीड पान झालं होतं. पण माणूस नसण्याशी त्याचा धागा जुळेना. ओढूनताणून जोडून बघितला, सरांनी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. घरी येताना बसमध्ये त्याच्यावर चिडून बसले होते. (कुंद्याचा पुडा घेतला होता, तो खानापूर यायच्या आत संपवला.)

‘छे’ म्हणणाऱ्यासाठीही एक परिच्छेद ठेवला, आणि तोच लिहायला सगळ्यांत अवघड गेला. कारण समोरच्याचं म्हणणं पक्कं होतं. ‘चालली’ म्हणजे पायांनी चालली असं मराठीत थोडंच असतं? मी बाजाराला चालले, गाडी पुण्याला चालली. रस्ता तर रोजच्या बोलण्यात कुठं ना कुठं जातच असतो. कानडीत मला शब्द निवडावा लागला म्हणून मराठी ओळीत तो अर्थ येतोच असं नाही. हे मी प्रामाणिकपणे लिहून टाकलं. उत्तर शोधायला चार दिवस गेले आणि ते समोरच होतं. आठ ओळींत ‘पाय’ दोनदा आहे, एकदा ‘पायवाट’मध्ये, एकदा ‘पाय टाकुनी’मध्ये. सुटा ‘चालली’ काही सांगत नाही, पण एका बाजूला पायवाट आणि दुसऱ्या बाजूला पाण्यातले पाय असले की त्याला चालणं सुटत नाही. वाट जिथं पोचते त्या डोहात झाडाचे पाय आहेत.

सुरुवात सगळ्यांत शेवटी लिहिली. सहा ओळी: कविता कोणती, पहिल्या वाचनाला ती काय वाटते, आणि माझं ते एक वाक्य. चरित्रातलं एक अक्षर नाही. शेवटाला काय लिहावं कळेना, तेव्हा सर म्हणाले, “जे सिद्ध केलंय ते पुन्हा सांगू नका, ते खरं धरलं तर झाडाकडं बघणं कसं बदलतं, तेवढं लिहा.” मी लिहिलं की औदुंबर उदास आहे की शांत, हा वाद मग दुय्यम ठरतो, आधी विचारायला हवं, तो कोणाच्या जागेवर बसलाय.

या वेळी चारच पानं झाली. मार्क पडले चौदा. तांबडी शाई कमी होती, पण शेवटच्या ओळीखाली ‘असला’ हा शब्द लिहून गोल केला होता आणि पुढं प्रश्नचिन्ह. अकरा खुणांतली ती एक मी सोडून दिली होती, कारण तिचं काय करावं समजलं नव्हतं.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांना ओळ वाचून दाखवली. “असला औदुंबर?” त्या म्हणाल्या. “असला म्हंजे कसला गं? आपण असला म्हणतो ते शिवी घालताना. त्या झाडानं काय केलंय?”

वही परत काढली आहे. पेन्सिल टोकदार करून ठेवली आहे, लिहिलं अजून काही नाही.