कोल्हापुरात लिनक्सची डिस्क घ्यायला जाताय? आधी हे वाचा

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, पण तिला लायसन्स की, म्हणजे विकत घ्यायचा कोड, नसते. गगनबावड्याकडून कुणी जुना कॉम्प्युटर घेऊन कोल्हापुरात येणार असेल, तर एवढं पाठ करूनच एसटीत बसा. आम्ही गावच्या वाचनालयाचा सीपीयू पोत्यात गुंडाळून आणला होता. राजारामपुरीतल्या एका दुकानात डिस्कचे पैसे वेगळे आणि वर "लायसन्सचे दीड हजार" मागितले. लिनक्सचा गाभा १९९२ पासून जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे. प्रत करून देण्याचे पैसे घ्यायला त्यात मुभा आहे, त्यामुळे डिस्कचे आणि मजुरीचे पैसे जरूर द्या. लायसन्सचे मागितले की सरळ उठा.

प्रवासात विशेष काही नाही. रस्ता बरा आहे आणि रात्री मंगळवार पेठेत मावसभावाकडे सोय झाली.

खरा छळ डिस्कनं केला. हे मशीन पेन ड्राइव्हवरून बूट (म्हणजे सुरू) होत नाही, म्हणून डीव्हीडीच लागणार होती. दुकानातून आणलेली डिस्क घातली, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सीडी-डीव्हीडी पहिल्या नंबरावर ठेवली, तरी विंडोज सेव्हनच उघडायचं. मावसभाऊ म्हणाला, "दादा, ड्राइव्हच गेलाय, नवीन घे." ड्राइव्ह ठणठणीत होता. डिस्क उघडून बघितली तर आत एकच मोठी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत बांधलेली प्रत! गाणी कॉपी करावीत तशी फाइल कॉपी करून दिली होती. अशी डिस्क जन्मात बूट होणार नाही. आयएसओ 'बर्न इमेज' करूनच लिहावी लागते. दुकानातून पाय काढण्याआधी डिस्क त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडायला लावा. आत 'बूट', 'कॅस्पर' असे फोल्डर दिसले तरच पैसे द्या. आमचा अख्खा दिवस यात गेला, त्याचा राग अजून आहे.

शेवटी मावसभावाच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उतरवली आणि डिस्क आम्हीच लिहिली. मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, जुन्या मशीनला हीच घ्या. उबुंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार, त्याच्या २४.०४ डेस्कटॉपची आयएसओ ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर मावतच नाही, त्या वाटेला जाऊ नका. उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइल धड उतरली का ते सांगणारा कोड) साइटवरच्याशी जुळवा आणि डिस्क सगळ्यात कमी वेगानं लिहा. घाईनं लिहिलेल्या डिस्का जुने ड्राइव्ह वाचताना अडकतात. बूटच्या मेनूत डिस्क तपासायचा पर्याय असतो, तो चालवाच.

इन्स्टॉल न करता थेट डिस्कवरून चालणारं लाइव्ह मिंट गोगलगाईसारखं सरकतं. त्यावरून लिनक्सला नावं ठेवू नका, हार्ड डिस्कवर गेलं की ते पळतं.

आता पार्टिशनचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या भागांचा टप्पा. इथं झोप आली असेल तर मशीन बंद करा आणि सकाळी बसा, मी गंभीरपणे सांगतोय. आमच्या डी ड्राइव्हवर वाचनालयाच्या सभासदांची सगळी नोंद होती. इन्स्टॉलरमध्ये सी, डी अशी नावं दिसत नाहीत. 'एसडीए१', 'एसडीए२' असं दिसतं, त्यामुळे विंडोजमध्येच प्रत्येक ड्राइव्हचं माप कागदावर लिहून घ्या आणि मापावरून ओळखा. 'इरेज डिस्क' म्हणजे अख्खी हार्ड डिस्क साफ. डेटा ठेवायचा असेल तर 'समथिंग एल्स' घ्या. जे पार्टिशन रिकामं करायचंय तेवढंच ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करून त्याला '/' (लिनक्स बसायची मुख्य जागा) द्या, बाकी कुठंही फॉरमॅटची खूण नको. त्याआधी डेटाची प्रत दुसरीकडे काढलेली हवीच, त्यात सवलत नाही.

पुढचं सगळं सोपं आहे. भाषा, वेळ, पासवर्ड द्यायचा आणि चहा घेऊन यायचं. इंटरनेट नसलं तरी मिंट पूर्ण बसतं. कीबोर्डच्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांची ठरलेली कळमांडणी) घेतला आणि वाचनालयाचं नाव पहिल्या झटक्यात मराठीत उमटलं, तेव्हा सगळा शीण उतरला! विंडोज सेव्हनचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपलाय. असलं मशीन भंगारात घालायच्या आधी हे नक्की करा.

डिस्क मात्र फेकू नका. उद्या कुणी पुन्हा विंडोज टाकलं तर ग्रब (सुरुवातीला लिनक्स उघडून देणारा प्रोग्रॅम) जातो आणि लिनक्स दिसेनासं होतं. त्याच डिस्कवरून लाइव्ह मिंट सुरू करून ग्रब दुरुस्त करणारं 'बूट रिपेअर' चालवा, दुकानात जायची गरज नाही.