किन्नौरच्या वाटेने स्पितीत: नऊ दिवसांचा प्रवास

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे शिमल्याहून भाड्याच्या गाडीने निघालो आणि हिमाचल प्रदेशातले किन्नौर व स्पिती पाहून नवव्या दिवशी मनालीत उतरलो. आपल्याकडून जाणारे अनेक जण दिवस वाचवण्यासाठी मनालीकडून थेट काझा हे स्पितीचे मुख्य गाव गाठतात. तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे आणि त्या वाटेने एकाच दिवसात साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड ओलांडून रात्री ३,६५० मीटरवरच्या काझात झोपावे लागते. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे काझातली खाटसुद्धा त्याच्या दुपटीहून वर असते. शिमल्याकडून गेल्यास सराहन, सांगला, कल्पा, नाको आणि ताबो असे मुक्काम करत शरीर विरळ हवेला हळूहळू सरावते.

रामपूर सोडल्यावर रस्ता सतलजच्या काठाने चालतो आणि तरंडाजवळ कडा कोरून काढलेल्या वाटेवर डोक्यावरही खडकच येतो. या भागात अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. स्पिलोच्या पुढे दरड कोसळल्यामुळे आम्ही साडेतीन तास एकाच जागी उभे होतो. यंत्राने रस्ता मोकळा केल्यावरच गाड्या हलल्या. जुलै-ऑगस्टच्या पावसात किन्नौरमध्ये असे वारंवार होते, म्हणून एक दिवस राखीव ठेवूनच परतीचे तिकीट काढावे. पोवारीला टाकी पूर्ण भरून घ्यावी, कारण त्यानंतरचा भरवशाचा पंप काझालाच आहे. भारतीयांना या मार्गावर परवाना लागत नाही, परंतु सुमदोच्या चौकीवर नोंद होते, त्यामुळे ओळखपत्र हाताशी असावे.

किन्नौरमधील गावांचा कारभार आजही ग्रामदेवतेभोवती फिरतो. सांगल्याजवळच्या कमरू किल्ल्यात प्रवेश करताना डोक्यावर किन्नौरी टोपी आणि कमरेला पट्टा बांधावा लागतो. दोन्ही तिथेच मिळतात. देवळाच्या लाकडी भिंतींना किंवा देवाच्या पालखीला विचारल्याशिवाय हात लावू नये. कल्प्याच्या बागांमध्ये सफरचंदांनी फांद्या वाकलेल्या होत्या आणि रस्त्यापर्यंत आलेले फळ तोडण्याचा मोह होणे साहजिक आहे. पण ते कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईचे आहे, म्हणून ते विकतच घ्यावे. बस्पा खोऱ्यातला राजमा आणि किन्नौरचे चिलगोजे, म्हणजे तिथल्या पाइनच्या झाडाच्या खाण्याच्या बिया, घरी आणण्यासारखे आहेत.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तिथून पुढे हिरवळ जणू कुणी पुसून टाकावी तशी नाहीशी होते. पर्जन्यछायेतला हा प्रदेश उघडा, मातकट आणि अतिशय कोरडा आहे. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. बाहेरून तो मातीच्या साध्या भिंतींचा दिसतो, मात्र आतल्या अंधारात डोळे स्थिरावले की भिंतीभर चितारलेले बुद्ध आणि बोधिसत्त्व एकेक करून उमटू लागतात. आत छायाचित्रे काढण्यास बंदी आहे, आणि मला ती योग्य वाटते. लहान विजेरी जवळ ठेवावी आणि घाई न करता किमान तासभर तरी तिथे बसावे. आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी जे दिसले ते पहिल्या वेळी डोळ्यांसमोर असूनही दिसले नव्हते.

काझात दोन रात्री राहिलो. सातव्या दिवशी लांगझा, हिक्कीम आणि ४,५८७ मीटरवरचे कोमिक एकाच दमात केले, आणि ही आमची चूक ठरली. कोमिकला आमच्यातल्या एकाचे डोके असह्य दुखू लागले व उलट्या झाल्या. चालकाने क्षणाचाही विलंब न लावता गाडी खाली काझाला आणली आणि संध्याकाळपर्यंत त्याला बरे वाटले. उंचीचा त्रास होऊ लागल्यास थांबून वाट पाहू नये, खाली उतरावे. औषध घ्यायचे असल्यास निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

लांगझाच्या आसपास मिळणारे, चक्राकार खुणा असलेले दगड म्हणजे हिमालय उभा राहण्यापूर्वी इथे असलेल्या टेथिस समुद्रातल्या जीवांचे जीवाश्म. आपल्या देवघरातला शाळिग्राम त्याच जातीचा. गावातली मुले ते विकायला आणतात. आम्ही हातात घेऊन पाहिले आणि परत दिले, कारण प्रत्येक पाहुण्याने एकेक नेला तर त्या उतारावर काहीच उरणार नाही.

रात्री शक्यतो गावातल्या घरीच राहावे. लांगझातल्या ज्या घरी आम्ही दुपारी जेवलो, तिथल्या आजींनी भाजलेल्या सातूचे पीठ लोणी घातलेल्या खारट चहात कालवून दिले, आणि सातूची चव ओळखीची निघाल्यामुळे आम्हा सर्वांना फार बरे वाटले. या गावांची शेती बर्फाच्या पाण्यावर चालते. ते पाणी ‘कूल’ म्हणजे आपल्याकडच्या पाटांमधून सातू आणि मटारच्या वाफ्यांपर्यंत आणले जाते. बर्फ कमी पडला की पीकच बुडते. म्हणून अंघोळीसाठी बादल्या मागू नयेत. कोरड्या शौचालयात पाणी न ओतता बाजूला ठेवलेली माती टाकावी, कारण त्याचेच पुढे शेतासाठी खत होते. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या विकत न घेता स्वतःची बाटली न्यावी आणि उकळलेले पाणी भरून घ्यावे. काझात एटीएम असले तरी त्यावर विसंबू नये. रोख रक्कम शिमल्याहूनच घ्यावी.

आठवी रात्र चंद्रतालजवळच्या तंबूत काढली. तलावाच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई आहे, त्यामुळे मुक्काम अलीकडे असतो आणि शेवटचा टप्पा पायी जावे लागते. सप्टेंबरमध्येही रात्री थंडी फार असते; जाड मोजे आणि कानटोपी विसरू नये.

बातल ते ग्राम्फू हा संपूर्ण प्रवासातला सर्वांत खडतर पट्टा आहे. तिथे रस्ता म्हणजे धोंडेच आहेत, आणि हिमनद्यांचे पाणी उन्हाने वितळू लागले की दुपारी वाटेतले नाले फुगतात. आम्ही पहाटे सहाला निघालो, त्यामुळे पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतच होते. बुटक्या गाडीने हा रस्ता करू नये. ग्राम्फूहून कोकसरमार्गे अटल बोगद्याच्या तोंडाशी पोहोचलो आणि नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडताच पुन्हा देवदारांचे हिरवे डोंगर समोर आले.