तुम्ही विचारलंत म्हणून: नॅरोबँडमध्ये फ्लॅट का फसतात?

फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचा फोटो. त्याच्या आधारे कोपऱ्यांतला कमी उजेड आणि धुळीच्या छाया भरून काढतात. नॅरोबँड म्हणजे प्रकाशाची एक अरुंद पट्टीच आत सोडणारे फिल्टर. आकाशाचे फोटो काढणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरला माझे फ्लॅट छान लागू पडतात. हायड्रोजन-अल्फा किंवा सल्फरचा फिल्टर लावला की मात्र कोपरे उजळतात, धुळीच्या काळ्या कड्या पांढऱ्या होऊन बसतात. फ्लॅट पुन्हा काढले तरी तेच. चुकतंय कुठे?"

बहुतेक वेळा फ्लॅट ठीकच असतात. चूक वजाबाकीत झालेली असते आणि दिसते भागाकारात.

फ्लॅटने आपण भागतो. कोपऱ्यात मधल्यापेक्षा 80 टक्केच उजेड पोचत असेल तर 0.8 ने भागलं की तो भरून निघतो. पण हे गणित दुर्बिणीतून आलेल्या उजेडापुरतंच खरं आहे. कॅमेऱ्याचा ऑफसेट (प्रत्येक पिक्सेलला मुद्दाम मिळवलेला ठरावीक आकडा), डार्क करंट (अंधारातही सेन्सरमध्ये साठणारा सिग्नल), सेन्सरच्या कडेची चमक ही सगळी वरून मिसळलेली बेरीज असते. तिला कोपरा आणि मध्य हा फरक लागू नाही. भागाकाराआधी ती पूर्ण निघाली नाही, तर उरलेला भागही 0.8 ने भागला जातो आणि कोपऱ्यात फुगतो.

आकडे घालून पाहा. साध्या फिल्टरमध्ये आकाशाची पार्श्वभूमी मध्यभागी 1500 एडीयू (कॅमेरा उजेड मोजतो तो आकडा) आहे आणि वजाबाकीनंतर लाइटमध्ये, म्हणजे आकाशाच्या मूळ फोटोत, 20 एडीयू चुकून उरलेत असं धरू. मध्यभागी होतात 1520. कोपऱ्यात 1200 अधिक 20, भागिले 0.8, म्हणजे 1525. फरक पाव-अर्धा टक्का. कुणाच्या लक्षातही येणार नाही. आता 3 नॅनोमीटरचा फिल्टर लावा. पार्श्वभूमी उरते, समजा, 40. तेच 20 एडीयू शिल्लक असतील तर मध्यभागी 60 आणि कोपऱ्यात 32 अधिक 20, भागिले 0.8, म्हणजे 65. हा फरक 8 टक्क्यांचा आहे. त्यावर आपण स्क्रीनवर जोरदार स्ट्रेच लावतो, म्हणजे मंद भाग ताणून उजळवतो, आणि कोपरे पेटल्यासारखे दिसतात. चूक तेवढीच आहे, पण तिला झाकणारं आकाश आता उरलेलं नाही.

म्हणून मी आधी विचारतो: कोपरे उजळ आहेत की काळे? उजळ असतील तर लाइटमध्ये काहीतरी जास्तीचं उरलंय. काळे असतील तर लाइटमधून गरजेपेक्षा जास्त वजा झालंय. फ्लॅटमधून ऑफसेट वजा करायचा राहिला तरीही कोपरे काळे राहतात, पण ती चूक टक्केवारीत सगळ्या फिल्टरांना साधारण सारखीच नडते. 25,000 एडीयूच्या फ्लॅटमध्ये 500 उरले तर बिघाड अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. फ्लॅटसाठीचं प्रकाशाचं पॅनल मंद म्हणून फ्लॅट 2,000 वरच थांबवला असेल तर तेच 500 एडीयू 5 टक्क्यांचा घोटाळा करतात. नॅरोबँडचे फ्लॅट कंटाळून कमी एक्स्पोजरवर उरकू नका, असं मी आग्रहाने सांगतो त्यामागचं कारण हे.

उजळ कोपऱ्यांचा माग काढताना डार्कपासून, म्हणजे झाकण लावून काढलेल्या आणि लाइटमधून वजा करायच्या फ्रेमपासून, सुरुवात करा. गेन (कॅमेरा सिग्नल किती वाढवतो ते), ऑफसेट, तापमान, एक्स्पोजर, चारही लाइटशी तंतोतंत जुळायला हवेत. ऑफसेट बदलल्याचं लक्षात न येणं ही नेहमीची गोष्ट आहे. कॅलिब्रेशनच्या प्रोग्रॅममध्ये डार्क आपोआप कमीजास्त करून बसवण्याची सोय असते, ती सीमॉस (सेन्सरचा एक प्रकार) कॅमेऱ्यासाठी बंद ठेवा. कडेची चमक एक्स्पोजरच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, त्यामुळे तिला गुणून बसवता येत नाही.

मग उजेडाची गळती. लाइट 300 किंवा 600 सेकंदांचे असतात. फोकसरच्या फटीतून, फिल्टर व्हीलच्या सांध्यातून, न्यूटोनियन दुर्बिणीच्या आरशामागून शिरलेला मंद उजेड तेवढ्या वेळात सहज साठतो. त्यातला फिल्टर आणि सेन्सरच्या मधून शिरलेला उजेड फिल्टरमधून आलेला नसतो, म्हणून नॅरोबँडमध्येही पूर्ण ताकदीने दिसतो. गळती डार्कमध्ये असेल तर उलटं घडतं: जास्त वजा होतं आणि कोपरे काळवंडतात. दिवसा डार्क काढणाऱ्यांनी हे विशेष जपावं. प्लॅस्टिकची काही झाकणं इन्फ्रारेड आत सोडतात, आणि डोळ्याला न दिसणारा तो उजेड सेन्सरला चांगला दिसतो. उजेडात एक डार्क काढा, दुसरा मिट्ट काळोखात काळ्या कापडाखाली काढा आणि दोघांची सरासरी ताडून पाहा. काही एडीयूंचाच फरक आला तरी तुमचा चोर सापडला.

वजाबाकीनंतर काही पिक्सेल शून्याखाली जातात आणि प्रोग्रॅम त्यांना शून्यावरच छाटतो, हीसुद्धा नॅरोबँडचीच खोड. कॅलिब्रेट केलेल्या फ्रेममध्ये शून्याचे पिक्सेल पुष्कळ दिसले तर 100 एडीयूच्या आसपास पेडेस्टल, म्हणजे वरून मिळवायचा ठरावीक आकडा, द्या. भागाकारानंतर मिळवलेला हा आकडा सगळीकडे सारखाच असतो, त्याने कोपरे बिघडत नाहीत.

आता खुद्द फ्लॅटकडे. पांढऱ्या एलईडी पॅनलचा प्रकाश 450 नॅनोमीटरजवळ उसळी घेतो, पिवळ्या-हिरव्यात पसरतो आणि गडद लालमध्ये ओसरतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या 500.7 ला पुरणारं एक्स्पोजर हायड्रोजनच्या 656.3 ला आणि त्याहूनही सल्फरच्या 671.6 आणि 673.1 ला अपुरं पडतं. प्रत्येक फिल्टरचं एक्स्पोजर वेगळं ठरवा आणि त्या-त्या एक्स्पोजरचे फ्लॅट-डार्क, म्हणजे फ्लॅटमधून वजा करायचे डार्क, काढा. बायसवर, म्हणजे झाकण लावून अगदी छोट्या एक्स्पोजरने काढलेल्या फ्रेमवर, भागवू नका, कारण काही सीमॉस सेन्सर अगदी छोट्या एक्स्पोजरला वेगळे वागतात. पॅनल मंद करताना त्याची लुकलुक पट्ट्यांच्या रूपाने उमटू शकते. त्यावर पॅनलसमोर पांढरे कागद लावून एक्स्पोजर काही सेकंदांवर नेणं हा साधा, खात्रीचा उपाय.

संधिप्रकाशात फ्लॅट काढत असाल तर संध्याकाळी नॅरोबँड आधी घ्या, आकाशात उजेड असतानाच. पहाटे क्रम उलटा.

तुमच्या फ्लॅटवर विश्वास ठेवावा का, हे तपासायची माझी आवडती रीत अशी: एकाच फिल्टरचे दोन संच काढा, एक 10,000 एडीयूचा, दुसरा 30,000 चा. दोन्हींतून आपापले फ्लॅट-डार्क वजा करून एकाला दुसऱ्याने भागा. चित्र सपाट आलं तर फ्लॅटमधली वजाबाकी बरोबर आहे. कोपरा दिसला तर बेरजेची चूक आहे किंवा सेन्सरचा आकडा उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. मग पॅनल 90 अंश फिरवून हेच करा, पॅनल सगळीकडे सारखं उजळतं का तेही कळेल.

धुळीच्या कडीची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी, अशी उठावाची नक्षी दिसली तर वजाबाकी विसरा. लाइट आणि फ्लॅटच्या मध्ये काहीतरी हललंय. कडीचा व्यास मिलिमीटरमध्ये काढून त्याला एफ-रेशोने (दुर्बिणीची फोकल लांबी भागिले तिचा व्यास) गुणा, म्हणजे धूळ सेन्सरपासून किती दूर आहे ते मिळतं. 3.76 मायक्रॉनचे पिक्सेल, एफ/6 आणि 100 पिक्सेलची कडी असेल तर सव्वादोन मिलिमीटर, म्हणजे सेन्सरची काच. 900 पिक्सेलची कडी असेल तर वीसेक मिलिमीटर, तिथे बहुधा फिल्टर असतो. तसं असेल तर व्हील दर वेळी त्याच जागी थांबत नाहीये. ते एकाच दिशेने फिरेल अशी सेटिंग करा.

आणि चंद्र? नॅरोबँडवाले चंद्रप्रकाशात काम करतात, त्याची छटा फ्लॅटचा दोष म्हणून खपते. मेरिडियन फ्लिपच्या (मध्यान्हवृत्त ओलांडल्यावर दुर्बीण उलट्या बाजूला वळवण्याच्या) आधीची आणि नंतरची एकेक फ्रेम न फिरवता शेजारी ठेवा. फ्लिपनंतरही डाग सेन्सरच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष तुमच्या साधनात आहे. विरुद्ध कोपऱ्यात गेला तर तो आकाशाचा आहे, आणि तिथे ग्रेडियंट, म्हणजे आकाशाच्या उजेडातला चढउतार, काढायचं काम आहे.

एक गोष्ट मात्र कोणताही फ्लॅट दुरुस्त करू शकत नाही, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. किरण तिरपे आले की या फिल्टरांतून पार होणारी प्रकाशाची पट्टी निळ्याकडे सरकते. फिल्टरचा परिणामी अपवर्तनांक 2 धरला तर एफ/5 च्या कडेच्या किरणांसाठी हे सरकणं 1 नॅनोमीटरच्या आत राहतं, पण एफ/2 ला ते 5 च्या घरात जातं. पॅनलचा प्रकाश सलग असतो. पट्टी सरकली तरी तिच्यातून जवळपास तेवढाच उजेड येतो, म्हणून फ्लॅटला काही कळतच नाही. तेजोमेघाचा प्रकाश मात्र एकाच रेषेवर असतो, आणि पट्टी सरकली की ती रेषा बाहेर पडते. एफ/2 ला 3 नॅनोमीटरच्या फिल्टरने तेजोमेघाचा प्रकाश फिका पडतो, आणि लेन्समधून कोपऱ्याकडचे किरण आणखी तिरपे येत असतील तर तिथे सर्वांत जास्त. अशा वेळी पार्श्वभूमी सपाट आणि तेजोमेघ कोपऱ्यात विझलेला दिसतो. तिथे जलद लेन्ससाठी पट्टी आधीच सरकवून बनवलेला फिल्टर घ्या, किंवा 6-7 नॅनोमीटरचा रुंद फिल्टर लावा.