नौपाड्यात जुना फ्लॅट घेताना

घोडबंदर रोडवर तेवढ्याच पैशात मोठा फ्लॅट, लिफ्ट, हक्काचं पार्किंग, वर जिम असं सगळं मिळत होतं. आम्ही दोघं जाऊन बघूनही आलो. पण माझं ऑफिस ऐरोलीला आणि नवऱ्याचं फोर्टला. घोडबंदरहून रोज ठाणे स्टेशन गाठायचं म्हणजे लोकलमध्ये शिरायच्या आधीच अर्धा जीव गेलेला. नौपाड्यातून मी चालत स्टेशनला जाते, ट्रान्स हार्बरची गाडी पकडते, दिघा गाव गेलं की ऐरोली. त्यामुळे जागा लहान चालेल पण नौपाडाच, हे 2024 च्या सुरुवातीला ठरलं. मेट्रो चारचं काम तीन हात नाक्यावर चाललेलं दिसतं. एजंट प्रत्येक वाक्यात ती मेट्रो आणायचा. तिच्या नावाने एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, एवढं आम्ही घरीच ठरवून टाकलं होतं.

नौपाड्यात रिकामी जमीन उरलेली नाही. नवं बांधकाम म्हणजे रिडेव्हलपमेंट, आणि त्याचे दर आमच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून जुन्या सोसायटीतला रिसेल. आम्हाला आवडलेली इमारत 1982 ची, तीन मजली, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, स्वयंपाकघराच्या खिडकीत आंब्याची फांदी. विकणारे माय-लेक. वडील गेल्यावर मुलगा पुण्याला स्थायिक झालेला, आई त्याच्याकडे निघालेली.

टोकन द्यायच्या आधी आमच्या वकीलबाईंनी कागदपत्रांची चेन, म्हणजे पहिल्या मालकापासून आतापर्यंतचे सगळे करार, मागितले. जुन्या वस्तीत घर घेणाऱ्याने भिंतींच्या आधी हे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रंग उडालेला दिसतो, कागदातली भोकं दिसत नाहीत. सगळ्यात खालचा कागद होता बिल्डर आणि पहिल्या मालकामधला करार. पाच रुपयांचा स्टॅम्पपेपर, टाइपरायटरची अक्षरं, जोरात टाइप केलेल्या पूर्णविरामांनी कागदाला आरपार पडलेली भोकं, आणि नोंदणी केलेली नाही. मी हबकलेच. वकीलबाई मात्र शांत होत्या. "अहो, त्या काळात असेच करार व्हायचे. ताब्यासकट केलेल्या करारावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागायला लागलं ते 10 डिसेंबर 1985 पासून. हा त्याच्या आधीचा आहे." नोंदणी नसल्याचा प्रश्न बँकेच्या वकिलाने काढलाच. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, त्याच्या मागची हस्तांतराची नोंद आणि पुढच्या मालकाने 1994 मध्ये केलेला नोंदणीकृत करार हे सगळं जोडून तो कसाबसा मिटला.

खरी गाठ पुढेच होती. 1994 चा करार विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावे. ते गेले, सोसायटीत नॉमिनेशन मुलाचं. एजंट म्हणाला, "नॉमिनेशन आहे ना मॅडम, मग काय!" तर तसं नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्याशी व्यवहार करते, पण हक्क सगळ्या वारसांचा राहतो. वारस तीन: आई, मुलगा आणि कॅनडात असलेली मुलगी. मुलीची काहीच हरकत नव्हती, फोनवर तिने लगेच हो म्हटलं. पण फोनवरच्या होकारावर घर विकत घेता येत नाही. तिने तिथल्या भारतीय दूतावासातून मामांच्या नावाने मुखत्यारपत्र करून पाठवलं. परदेशात केलेलं असं पत्र इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लावून घ्यावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. मग मामांनी तिच्या वतीने हक्कसोडपत्र नोंदवलं. ती विक्रेती म्हणून राहिली असती तर अनिवासी भारतीयाला पैसे देताना कापायचा टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या आयकरापोटी किमतीतून कापून भरायची रक्कम, माझ्या गळ्यात पडला असता, आणि तो इथल्या विक्रेत्यासारखा एक टक्क्यावर भागत नाही.

तरीही वकीलबाईंनी एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात जाहीर नोटीस दिली. चौदा दिवसांत हरकत असेल तर कळवा, वगैरे. कोणी काही कळवलं नाही. जमिनीचीही चौकशी केली. ठाण्यात मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) सिटी सर्व्हे नंबरच्या आधी टिका नंबर, म्हणजे भूमापनातल्या विभागाचा नंबर, असतो. सोसायटीच्या कागदांवर टिका नंबर एक आणि पत्रिकेवर दुसरा, असं असलं तर पुढे त्रास. आमचा जुळला. मानीव अभिहस्तांतरण झालेलं होतं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर. ज्या सोसायटीत ते झालेलं नाही तिथे उद्या रिडेव्हलपमेंटच्या वेळी जुना बिल्डर किंवा त्याचे वारस येऊन बसतात. हा एक कागद असल्यामुळे आम्ही भावात फारशी घासाघीस केली नाही.

गल्लीची रुंदी हा विषय नवऱ्याने डोक्यात घेतला. रिडेव्हलपमेंटमध्ये किती मजले चढणार हे समोरचा रस्ता किती रुंद यावर ठरतं, आणि नऊ मीटर हा त्यातला मोठा टप्पा. रविवारी सकाळी तो मेजरिंग टेप घेऊन गल्लीत उतरला. दोन्ही बाजूंनी स्कूटर लावलेल्या, त्यामुळे टेप कधी हँडलला अडकायची, कधी कुंडीला. समोरच्या बंगल्यातल्या आजोबांनी विचारलं, "महापालिकेतून आलात का? मग त्या गटाराचं बघा." शेवटी विकास आराखड्यातली रुंदीच खरी, हे वकीलबाईंनी सांगितल्यावर तो थांबला.

बँकेचा व्हॅल्युअर आला तो हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊनच. जिन्याखालच्या कॉलमवर, बाथरूमच्या छतावर टकटक करत गेला. एका ठिकाणी पोकळ आवाज आला तेव्हा माझ्या पोटात गोळा. तीस वर्षांवरच्या इमारतीला उपविधीप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. आमच्या इमारतीचा अहवाल सी-टू-बी निघाला होता, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-वन म्हणजे धोकादायक. तसा असता तर कर्जाचं नावच काढता आलं नसतं.

पैशांचं गणित सांगते, कारण इथे बरेच जण अडखळतात. कर्ज 30 ते 75 लाखांच्या दरम्यान असेल तर बँक जास्तीत जास्त किमतीच्या 80 टक्के देते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी फी धरत नाही. ठाण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के. सगळे खरेदीदार महिला असतील तर एक टक्का सूट. म्हणून घर एकट्या माझ्या नावावर घेतलं, नवरा कर्जात सहअर्जदार. सासूबाईंनी "त्याचं नाव का नाही?" असं विचारलं. वाचलेला आकडा सांगितल्यावर विषय मिटला. नोंदणी फी एक टक्का पण कमाल 30,000. थोडक्यात, किमतीच्या सव्वीस टक्क्यांहून जास्त रक्कम खिशात हवी, शिवाय एजंट, वकील आणि रंगकाम. ब्रोकरेज पहिल्याच भेटीत ठरवून घेतलं, ते बरं झालं.

सोसायटीच्या एनओसीला, म्हणजे ना हरकत पत्राला, वेळ लागला. उपविधींप्रमाणे हस्तांतरासाठी एनओसी सक्तीची नाही, पण बँकेला ती हवीच असते. सेक्रेटरी काका स्वभावाने चांगले. चहा दिला, मग हळूच म्हणाले, "ट्रान्सफरचे पंचवीस, आणि बिल्डिंग फंडाला स्वखुशीने एक लाख." महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची, म्हणजे या ट्रान्सफर फीची, मर्यादा 25,000 आहे, आणि ही मर्यादा 9 ऑगस्ट 2001 च्या शासन परिपत्रकाची आहे. मी परिपत्रकाची प्रत बॅगेत नेली होती, पण काढली नाही. एवढंच म्हटलं, "काका, पावतीवर काय लिहाल ते आधी सांगा." पंधरवड्याने पंचवीस हजारांची पावती आली. पुढे त्यांच्याच शेजारी राहायचं होतं, म्हणून आवाज चढवला नाही.

करार नोंदवायच्या आदल्या आठवड्यात शेवटचा घोळ. किंमत 50 लाखांच्या वर, म्हणजे एक टक्का टीडीएस आम्ही कापून भरायचा, आणि विक्रेते दोन म्हणून 26क्यूबी फॉर्मही दोन. आजींचं पॅन आधारशी जोडलेलंच नव्हतं. असं पॅन निष्क्रिय धरतात आणि मग एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापावे लागतात. मुलाने हजार रुपये विलंब शुल्क भरलं, पण आधारवर नाव "सुमन" आणि पॅनवर "सुमनबाई", त्यामुळे जोडणी आधी अडकली. विक्रेत्याचं पॅन चालू आहे का हे टोकन देतानाच आयकराच्या साइटवर तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

दुय्यम निबंधक कार्यालयात आजींचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. ऑपरेटर पोरगा समजूतदार होता. त्याने आजींची बोटं ओल्या रुमालाने पुसून घेतली, अंगठ्यावर आपला अंगठा दाबला. "आजी, जोर लावा." चौथ्या बोटाला हिरवा दिवा लागला. आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आंब्याला दर पावसाळ्याआधी छाटून घ्या हो, नाहीतर वरचे ओरडतात."

राहायला येऊन आता वर्ष झालं. घंटाळीला, राम मारुती रोडला पायी जाते. गडकरी रंगायतनही लांब नाही. पाहुणे गाडी घेऊन आले की मात्र तासभर पार्किंग शोधतात, आणि गोखले रोडचे हॉर्न खिडक्या बंद करूनही आत येतात. वीज आणि गॅस माझ्या नावावर झाले. मालमत्ता कराचं बिल अजून आजींच्या यजमानांच्या नावाने येतं, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, जोडून तो अर्ज द्यायचा राहिलाय. रिडेव्हलपमेंटची पहिली सभा पुढच्या महिन्यात आहे. अजेंडा काकांनी व्हॉट्सॲपवर टाकलाय, त्यात मुद्दा क्रमांक तीन: गल्लीची रुंदी. नवऱ्याने टेप शोधायला घेतलीय.