विहिरीच्या पाण्याला आलेला वास

गुरुवारी सकाळी साडेआठला प्रयोगातून उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायला म्हणून बाटलीचं बूच काढलं आणि नळाच्या पाण्याचा वास आला. पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा नळ सोडला की येतो ना, तसा. बाटलीत पाणी होतं गिरगावातल्या एका चाळीच्या विहिरीचं. त्या विहिरीत ब्लीचिंग पावडर वगैरे कुणी टाकलेली नव्हती, हे मी पाणी काढायच्या आधीच विचारून घेतलं होतं. मग हा वास कुठून आला?

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट आहे. प्रकाश आणि वीज एकत्र वापरून पाण्यातले जंतू मारायचे, हे आमचं काम. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या रंगात असते ती पांढरी पूड. तिच्यावर साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. हे होल पाण्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार क्रियाशील कण तयार करतं आणि ते रॅडिकल जंतूच्या पेशीचं आवरण फोडतं. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं. १९८५ मध्ये मात्सुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर प्लॅटिनम चढवून जंतू मारले. अडचण अशी की उडालेले बहुतेक इलेक्ट्रॉन क्षणात परत होलमध्ये पडतात आणि सगळी मेहनत उष्णता होऊन जाते. म्हणून वीज लागते. बाहेरून थोडा व्होल्टेज लावायचा आणि इलेक्ट्रॉन तारेतून पलीकडच्या स्टीलच्या पट्टीकडे ओढून घ्यायचा, म्हणजे होल कामाला मोकळं राहतं. शिवाय पूड पाण्यात न टाकता त्याच पदार्थाचा थर अलीकडच्या टायटॅनियमच्या पट्टीवर घट्ट बसवलेला असल्यामुळे नंतर गाळत बसावं लागत नाही.

ती पट्टी मी स्वतः बनवते आणि तिच्याबद्दल मला फार जीव आहे. टायटॅनियमचं फॉइल आधी ॲसिटोनने, मग अल्कोहोलने, मग शुद्ध पाण्याने धुवायचं. कोपऱ्याला जरी बोट लागलं, तरी तिथे डाग पडतो. मग ते इथिलीन ग्लायकॉल आणि अमोनियम फ्लोराइडच्या द्रावणात टांगायचं. भांडं प्लास्टिकचंच हवं, कारण फ्लोराइड काच खातं. व्होल्टेज चढायला लागला की पहिल्या मिनिटभरात फॉइलचा रंग बदलत जातो : आधी पिवळसर, मग जांभळा, निळा. ते बघायला मी दर वेळी खुर्ची ओढून समोर बसते. त्या रंगाखाली टायटॅनियम डायऑक्साइडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्यांचं जंगल उभं राहत असतं. शेवटी ४५० अंशांवर भट्टीत भाजायचं, तेव्हा कुठे त्या नळ्यांना हवं ते स्फटिकरूप येतं. दहातल्या तीन पट्ट्या चांगल्या निघाल्या तर तो आठवडा चांगला गेला असं मी धरते.

चाळीचं पाणी आमच्याकडे आलं ते असं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाऊस झाला. चाळीच्या आतली गंजलेली पाइप गटाराजवळ फुटली आणि नळाला दोन दिवस गढूळ पाणी आलं. लोकांनी स्वयंपाकाला विहिरीचं पाणी काढायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांना जुलाब लागले. माझी आतेआजी तिथेच राहते. तिने फोनवर विचारलं, "तुमच्या त्या कॉलेजात पाणी तपासतात ना गं?" मी मंगळवारी सकाळी दोन कॅन भरून आणले.

मंगळवारी दुपारी प्रयोग लावला. २०० मिलिलिटर पाणी, ३६५ नॅनोमीटरचा एलईडी दिवा आणि ठरावीक व्होल्टेज लावणारं यंत्र, पोटेन्शियोस्टॅट. शून्य, दहा, वीस, चाळीस आणि साठ मिनिटांना एकेक नमुना काढायचा आणि प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, पसरायचा. सोबत नुसता दिवा आणि नुसती वीज असे दोन वेगळे प्रयोगही लावले. बुधवारी संध्याकाळी इन्क्युबेटर उघडला. शून्य मिनिटाच्या प्लेटवर २०० च्या वर कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके होते, हिरव्या धातूसारखे चकाकणारे, म्हणजे विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू. नुसत्या विजेने काही फरक पडला नव्हता, नुसत्या दिव्याने किंचित पडला होता. आणि दोन्ही एकत्र लावलेल्या प्रयोगात दहा मिनिटांचीच प्लेट कोरी! मी ती उजेडाकडे धरून तीनदा पाहिली. सरांना दाखवली. त्यांनी लगेच पोस्टरचं शीर्षक ठरवलं : 'रसायनांशिवाय दहा मिनिटांत जंतुमुक्त पाणी'. रात्री मी आजीला फोन केला आणि म्हटलं, "आजी, तुझ्या विहिरीचं पाणी साफ झालं."

आणि गुरुवारी सकाळी हा वास.

क्लोरीन ओळखायची डीपीडीची गोळी टाकली तसं पाणी गुलाबी झालं. रंगाच्या तक्त्याशी लावून पाहिलं, लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असावं लागतं, म्हणजे आमच्या बाटलीत त्याच्या पाचपट. मग मी विहिरीच्या मूळ पाण्यातलं क्लोराइड मोजलं. सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं आणि पिवळ्या क्रोमेटवर विटकरी छटा टिकेपर्यंत हलवत राहायचं. लिटरला ६८० मिलिग्रॅम निघालं. चौपाटीपासून जवळची विहीर, मीठ असणारच. होलने पाण्याबरोबर त्या मिठातल्या क्लोराइडचेही इलेक्ट्रॉन ओढून घेतले होते आणि माझ्या पट्टीवरच क्लोरीन तयार झालं होतं. नुसत्या विजेच्या प्रयोगात ते झालं नाही, कारण अंधारात ही पट्टी करंट जाऊच देत नाही.

क्लोरीनचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते नमुन्यांचं. प्लेट पसरायचं टेबल वरच्या मजल्यावर आहे, पाच जणांत एक. म्हणून मी सगळे नमुने जमवून शेवटी एकदमच वर नेते. म्हणजे दहा मिनिटांचा नमुना पन्नास मिनिटं नळीत पडून होता आणि त्यातलं क्लोरीन तेवढा वेळ जंतू मारत होतं. माझ्या कोऱ्या प्लेटवर दहा मिनिटांचं नाव होतं, पण काम जवळजवळ तासाभराचं झालेलं होतं. क्लोरीन असलेल्या पाण्याचा नमुना घेताना बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट घालायचं, म्हणजे क्लोरीन तिथेच थांबतं, हे दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात शिकवतात. मी घातलं नाही. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन कुठलं, असं मी गृहीत धरलं. प्रत्येक वेळी घालायला किती वेळ लागतो? काहीच नाही.

दुपारी आजीला फोन लावला. तिने उचलल्या उचलल्या सांगितलं, "कालपासून उकळत नाही हो आम्ही, तू सांगितलंस ना." माझ्या हाताला घाम आला. मी म्हटलेलं 'साफ' माझ्या काचपात्रातल्या २०० मिलिलिटरचं होतं, तिने ऐकलेलं 'साफ' अख्ख्या विहिरीचं. तिची काही चूक नव्हती. आपल्याकडे प्रयोग करणारी माणसं असंच बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या घरात गॅसवर काय चाललंय याचा विचार करत नाहीत. मी त्याच क्षणी उकळायला सांगितलं आणि शेजारच्या खोल्यांत निरोप द्यायला लावला. सुदैवाने कुणाला काही झालं नाही.

गुरुवारी रात्रीच दुसरा कॅन उघडून सगळं पुन्हा लावलं, या वेळी प्रत्येक नळीत थायो, म्हणजे ते थायोसल्फेट. शुक्रवारी रात्री प्लेट वाचल्या. दहा मिनिटांना ७० कॉलनी, विसाला ११, चाळीसला शून्य. म्हणजे यंत्र काम करतं, पण मंगळवारी वाटलं तेवढ्या वेगाने नाही. शेजारीच क्लोराइड नसलेल्या सोडियम सल्फेटच्या पाण्यात त्याच जंतूंवर प्रयोग लावला होता. तिथे साठ मिनिटांनंतरही प्लेटवर कॉलनी होत्या. चाळीचं पाणी लवकर शुद्ध झालं त्यात बराच हात समुद्राच्या मिठाचा होता.

सरांचं म्हणणं, क्लोरीन आपल्याच पट्टीने पाण्यातल्याच मिठातून बनवलं, मग ते आपलंच, शिवाय नंतर पाण्यात थोडं टिकून राहतं हा फायदाच. यातलं शेवटचं मला पटतं. नुसत्या प्रकाशाने असं टिकणारं काही मिळत नाही. पण मग 'रसायनांशिवाय' कसं लिहायचं? गटाराच्या पाण्यात सेंद्रिय कचरा असतो, त्याच्याशी क्लोरीन मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगं होऊ शकतात. ती आम्ही मोजलेली नाहीत. आणि तलावातून येणाऱ्या गोड पाण्यात क्लोराइड इतकं कमी, की तिथे आमच्या पट्टीला पंख फुटणार नाहीत. पोस्टरचं शीर्षक अजून तेच आहे. मी खाली क्लोराइडचा आकडा आणि थायोसकटची प्लेट, दोन्ही लावायला दिली आहेत. सरांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

शनिवारी चाळीत गेले. आजीला प्लेटचे फोटो दाखवले, काय झालं ते सांगितलं. तिने चष्मा लावून दोन्ही फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "मग तुझं यंत्र खोटं का?"

"खोटं नाही आजी. मी सांगितलं त्यापेक्षा हळू आहे. आणि विहिरीत नाही बसवलेलं, माझ्या टेबलावर आहे."

"असं नीट सांगायचं बाई," ती म्हणाली आणि पाण्याचं पातेलं गॅसवर चढवायला उठली. झाकण मी ठेवलं.