कोटोरचा उंबरा

क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकचे दोन दिवस गर्दीत गेले. जहाजांतून उतरणारे लोंढे, गल्लीगल्लीत धक्काबुक्की, पाय ठेवायला जागा नाही. लक्षात राहिलं ते एकच: १६६७ च्या भूकंपात हे शहर जवळजवळ उद्ध्वस्त झालं होतं आणि आज आपण फोटो काढतो ती बरीचशी घरं त्यानंतरची आहेत. तिथून बसने माँटेनेग्रोत, कोटोरला. सरहद्दीवरच्या रांगेत दोन तास उन्हात उभं राहावं लागलं. पुढे वळण संपलं आणि पाण्याला लागून एकदम डोंगर उभा राहिला, पांढरट, उघडा, सरळ वर गेलेला. दोन तासांची चिडचिड तिथेच विरली.

मी लातूर जिल्ह्यातली. दगड म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर काळा कातळ येतो. इथे सगळी चुनखडी. नेगुशी गावाकडे चढणारा जुना नागमोडी रस्ता आहे, २५ वळणांचा. त्यावर एका ठिकाणी थांबून मी खडकावर तळहात टेकला आणि लगेच मागे घेतला. पावसाने खडकावर उभ्या पन्हळी कोरल्या होत्या आणि त्यांच्या कडा विळीच्या पात्यासारख्या धारदार. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हा दगड हळूहळू विरघळवतं. आधी भेगा, मग खळगे, मग गुहा. अशा भूमीला जगभर कार्स्ट म्हणतात. तो शब्दही याच दिनारिक पर्वतरांगेच्या उत्तर टोकाच्या, स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवरच्या क्रास पठारावरून आला.

खाडीच्या वर ओरियेन डोंगरात त्स्रक्वित्से नावाची वस्ती आहे. तिथे वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, युरोपात इतका पाऊस फार थोड्या ठिकाणी. आणि तरी वर वाहता ओढा दिसत नाही! पडेल ते पाणी दगड गिळतो. माती उरते ती खळग्यांच्या तळाशी, तिथे दगडी बांध घालून लोक बटाटे लावतात. गिळलेलं पाणी बाहेर येतं थेट समुद्रपातळीशी. कोटोरच्या दक्षिण दरवाजाशी गुर्दिच नावाचा झरा तटबंदीला लागूनच खाडीत उसळतो. मे महिन्यातल्या दुपारी मी त्यात हात घातला, बोटं बधिर झाली.

वाटेत एक सहप्रवासी सांगत होते की डोंगर आतून पोकळ आहे म्हणून इथे जमीन हलते. तसं नाही. हा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचला. मग एड्रियाटिक समुद्राखालचा भूपट्ट या किनाऱ्यात घुसू लागला आणि दगडांचे थर घड्या पडून, एकमेकांवर चढून वर आले. ते ढकलणं अजून चालू आहे, वर्षाला काही मिलिमीटर. ज्या जोराने डोंगर उचलला, तोच अधूनमधून त्याला हलवतो.

कोटोरला आम्ही एका वयस्क बाईंच्या घरी उतरलो होतो. पहिल्या संध्याकाळी पिशवी आत घेताना मी दाराच्या दगडी उंबऱ्याला अडखळले. उंबऱ्याला आरपार भेग होती, चुन्याने भरलेली, बोट फिरवलं तर कळेल एवढी. बाई म्हणाल्या, "एकोणऐंशी." पुढचं त्यांच्या नातीने इंग्रजीत सांगितलं. १५ एप्रिल १९७९, कॅथलिकांचा ईस्टरचा रविवार. सकाळी ७ वाजून १९ मिनिटं. बाई स्वयंपाकघरात होत्या. टेबलावर रंगवलेली अंडी होती आणि आधी ती घरंगळायला लागली. भूकंपाचं केंद्र दक्षिणेला बार आणि उल्चिन या गावांसमोर समुद्रात होतं, तीव्रता ६.९. माँटेनेग्रोत १०१ माणसं गेली, शेजारच्या अल्बानियात ३५. कोटोरचं जुनं शहर रिकामं करावं लागलं. त्याच वर्षी ते जागतिक वारसा यादीत आलं आणि धोक्यातल्या वारशाच्या यादीतही. त्या दुसऱ्या यादीतून बाहेर पडायला २००३ उजाडलं.

सणाची सकाळ म्हटल्यावर माझ्या घशात काहीतरी अडकलं. आमच्याकडे अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून सगळे झोपले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हलली. मी सात वर्षांची होते. आमचं माळवदाचं घर, जाड दगडी भिंती आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात गार वाटणारी तीच माती आजीच्या अंगावर आली. आपलं पठार भक्कम आहे, इथे भूकंप होत नाही, असंच तेव्हा सगळे समजत होते. मला त्याचा अजून राग येतो. कोटोरमध्ये लहान पोरालाही १६६७ आणि १९७९ ठाऊक असतं, आमच्या आजीला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

बाईंना मी हे सगळं सांगितलं. नात थांबत थांबत भाषांतर करत होती. बाईंनी विचारलं, "मग तुमचं घर पुन्हा बांधलं?" नाही, गावच दुसरीकडे वसवलं. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मला त्यांच्या भेग पडलेल्या उंबऱ्याचा खरंच हेवा वाटला. दुरुस्तीला आलेल्या गवंड्याने तो बदलायचं म्हटलं होतं, त्यांच्या आईने बदलू दिला नाही.

मग त्यांनी विचारलं, तुमचं काहीच उरलं नाही का? उरलंय. आमचा उंबरा सागाचा होता. बाबांनी तो ढिगाऱ्यातून ओढून काढला. नव्या घराच्या दाराला तो बसेना, म्हणून गोठ्याला लावलाय.